*दगडी (कासदाह): कोरफडीचा लेप कधी, डॉक्टर कधी?*



पावसाळ्यात गोठा ओला राहतो आणि दगडीच्या तक्रारी वाढतात. अशा वेळी घरातली जुनी माणसं कासेला कोरफड-हळद लावायला सांगतात. त्यात तथ्य आहे. तमिळनाडूतले पशुवैद्यक प्रा. एन. पुण्यमूर्ती यांनी गावोगावचे असे उपाय अभ्यासून त्यांची मापं ठरवली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ (एनडीडीबी) आता तेच उपाय पशुपालकांना शिकवतं. पण माप आणि वेळ दोन्ही पाळायला हवं.

*लेपाचं साहित्य (एका दिवसाचं)*
▪️ कोरफड २५० ग्रॅम (२-३ पाती, काटे काढून)
▪️ हळद पूड ५० ग्रॅम
▪️ खायचा चुना १५ ग्रॅम

*कृती*
१) तिन्ही मिक्सरला बारीक करा. लेप लालसर होतो. घाबरू नका, चुना लागला की हळद लाल होते. कुंकूही असंच करतात.
२) कास धुवा, खराब दूध पूर्ण पिळून काढा. ते गोठ्यात सांडू नका, त्यातून दुसऱ्या जनावराला लागण होते.
३) मूठभर लेपात १५०-२०० मिली पाणी घालून पातळ करा आणि सगळ्या कासेला लावा.
४) दिवसातून १० वेळा, असं ५ दिवस. दोनदा लावून "गुण आला नाही" म्हणू नका.
५) लेप रोज ताजा करा. धार काढण्याआधी कास स्वच्छ धुवा.
६) सोबत रोज २ लिंबं कापून खायला द्या, ३ दिवस.

*हे करू नका*
❌ चुना वाढवू नका, कातडी भाजते.
❌ सडात काडी, तार घालू नका. आत जखम होऊन सड कायमचा जातो.

*लेपावर न थांबता लगेच डॉक्टर*
🔴 ताप आहे, वैरण सोडली आहे
🔴 दुधात पू किंवा रक्त
🔴 सड थंड, निळा-काळा पडला
🔴 एका दिवसात सूज उतरत नाही

दगडीत वेळ महत्त्वाचा. सड एकदा आटला की पुढच्या वेतालाही तो परत येईल याची खात्री नसते, आणि बाजारात तीन सडी म्हशीला भाव मिळत नाही. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री नंबर १९६२. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ते सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका. लेप चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

*दगडी होऊच नये म्हणून:* धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं. म्हणून लगेच वैरण टाका, म्हणजे जनावर अर्धा तास तरी उभं राहील.

गोठ्याकडेला कोरफडीची ४ रोपं लावून ठेवा. शंका असेल तर याच नंबरवर कासेचा फोटो किंवा व्हॉइस मेसेज पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पेठ वडगाव