खिडकीचा बंदोबस्त आणि सोसायटीची मंजुरी

सदनिका आपल्या मालकीची असली, तरी तिच्या खिडकीची बाहेरची बाजू सबंध इमारतीच्या दर्शनी भागात मोडत असल्यामुळे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाने खिडकीच्या जाळीसाठी लोहाराला बयाणा देण्यापूर्वी उपविधी पाहून व्यवस्थापक समितीकडे लेखी अर्ज करावा आणि मंजुरीचा कागद दप्तरी ठेवावा, हे श्रेयस्कर.

बंदोबस्ताच्या पर्यायांपैकी भिंतीत घट्ट रोवलेली लोखंडी जाळी चोराला सर्वांत कमी दाद देते; परंतु कुंड्या आणि वाळवण यांच्या मोहाने बाहेर काढलेला पिंजरा, जर त्यात आतून उघडणारी झडप नसेल, तर आगीच्या प्रसंगी घरच्यांनाच कोंडून ठेवतो आणि अग्निशामक दलाच्या जवानाचीही वाट अडवितो. म्हणून झडप ठेवावी, तिच्या कुलपाची किल्ली बाहेरून हात पोहोचणार नाही पण घरातील प्रत्येकास ठाऊक असेल अशा जागी टांगावी, आणि बिजागऱ्यांना वरचेवर तेल द्यावे.

पोलादी तारांची ‘अदृश्य जाळी’ दर्शनी शोभा राखते व मुलांना पडण्यापासून वाचविते. मात्र तार कापण्याच्या हत्यारापुढे तिचा निभाव लागेलच असे नाही. दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी तुकडे धरून ठेवते, तर टफन्ड काच फुटताच तिचा चुरा होऊन वाट मोकळी होते. सरकत्या खिडकीची झडप रुळावरून उचलून काढता येत असल्यास मात्र उत्तम काचही व्यर्थ. तेथे उचल रोखणारा अडसर व आतील कुलूप हाच स्वस्त आणि पहिला उपाय होय.