गॅलरीतली चिकट पाने

हिंजवडीतल्या आमच्या दहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत गेल्या उन्हाळ्यात फरशी सारखी चिकट व्हायला लागली. आळ अर्थातच मुलांवर आला. "शरबत सांडलंत आणि पुसलंही नाहीत!" अम्मी रागावल्या. असरनंतर थोड्या वाऱ्याला म्हणून त्या तिथेच मुसल्ला अंथरतात. फरशी पुसली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सहज जास्वंदीच्या पानाला हात लागला आणि मुलांची सुटका झाली. पानांवर जणू साखरेचा पाक शिंपडला होता आणि कुंडीवर मुंग्यांची रांग चढत होती.

झाडाचा चीक गळत असेल, असे आम्हाला वाटले. पण चीक येतो तो पान किंवा फांदी तुटल्यावर, जखमेतून. पान उलटे करून पाहिले तेव्हा उलगडा झाला. शिरांच्या कडेला कापसासारखे पांढरे ठिपके होते. हाच तो पिठ्या ढेकूण. मावा, पांढरी माशी आणि खवले कीड हीदेखील याच बिरादरीतली.

गोडवा येतो कुठून?

हे किडे सोंडेने पानातला रस शोषतात. त्या रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारे नत्र फार थोडे. पुरेसे नत्र मिळवण्यासाठी त्यांना खूप रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर ते बाहेर टाकतात. तीच खालच्या पानांवर आणि फरशीवर पडते. तिच्यावर काळी, काजळीसारखी बुरशी वाढते आणि पानाला ऊन मिळेनासे होते. गोडाच्या लोभाने मुंग्या या किड्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हाकलतात.

उंच इमारतीतल्या बंदिस्त गॅलरीत या किडीचे फावते. पाने धुऊन काढणारा पाऊस तिथे पोहोचत नाही, किडे खाणारे कीटकही कमीच येतात. त्यात बांधकामांची धूळ आणि आपण हौसेने घातलेले जास्तीचे खत!

बिनचिठ्ठीची बाटली

ओळखीच्या एकाने शेतातले औषध पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून दिले. बाटलीवर ना नाव, ना प्रमाण. घरात रांगते बाळ होते. अम्मींनी ती बाटली उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही आणि ते बरेच झाले. शेतीच्या औषधांच्या डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. बिनचिठ्ठीच्या बाटलीत हा इशाराच नाहीसा होतो आणि पाणी समजून ती कोणी तोंडाला लावू शकते.

शिवाय विषाने किडीचे शत्रूही मरतात. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइम्बतूर भागात आढळला आणि पुढे पुणे परिसरातल्या बागांपर्यंत पोहोचला. फवारण्यांना तो दाद देईना. अखेर 2010 मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या आणल्या गेल्या आणि त्यांनी ही कीड आटोक्यात आणली.

घरी काय करावे?

* चिकट झालेली कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवा.
* पानांच्या खालच्या बाजूला आणि देठांच्या बेचक्यात पाण्याचा जोरदार फवारा मारा.
* उरलेले किडे स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा. हे काम गॅसपासून दूर करा.
* एक लिटर पाण्यात पाच मिलि सौम्य द्रवसाबण आणि तेवढेच कडुनिंबाचे तेल ढवळा. आधी एका पानावर लावून दोन दिवस पाहा. मग ऊन उतरल्यावर फवारा.
* अंड्यांतून नवी पिल्ले निघतात, म्हणून दर आठवड्याला, किमान तीन वेळा हे करा.
* मुंग्यांची वाट बंद करा, खत कमी करा. नवे झाड आणले की दोन आठवडे वेगळे ठेवा.

मात्र प्रत्येक थेंबाला घाबरू नका. मनीप्लांटच्या पानांच्या टोकाला सकाळी दिसणारे थेंब जास्तीच्या पाण्याचे असतात. ते चिकटत नाहीत. ऑर्किडसारखी काही निरोगी झाडे स्वतःच गोड थेंब देतात. पान उलटून पाहा. किडे नसतील तर पुसून टाका.

आमची जास्वंद महिन्याभरात सावरली. अम्मींचा मुसल्ला पुन्हा गॅलरीत आला. खोट्या आळाची भरपाई म्हणून मुलांनी त्यांच्याकडून थंडगार शरबत वसूल केले, आणि या वेळी ते खरेच सांडले!