मुख्य दोरी, लीडर आणि गाठीचे साधन: काही रूढ गैरसमज

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याचा अप्पर वर्धा, अकोला जिल्ह्यात महानचा काटेपूर्णा आणि तेल्हारा तालुक्यात वारीजवळचा वान या धरणांच्या काठी हौसेने गळ टाकणाऱ्यांकडे आता बांबूची काडी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी पारदर्शक दोरा, एवढेच साहित्य असते असे नाही; रॉड, रीळ आणि विणलेली पॉलिएथिलिनची दोरीही तेथे दिसू लागली आहे आणि तिच्याबरोबर काडीवाल्याला कधी न पडलेला एक प्रश्न आला आहे. ही विणलेली मुख्य दोरी आणि तिच्या टोकाला जोडायचा लीडर, म्हणजे गळाच्या बाजूचा नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनचा साधारण हातभर ते पुरुषभर लांबीचा तुकडा, हे दोन वेगळ्या स्वभावाचे दोरे एकमेकांना कसे बांधावेत, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर म्हणून गाठ बांधण्याची लहानमोठी साधने ऑनलाइन दुकानांत विकली जातात आणि त्यांच्याविषयी जे समज पसरले आहेत, त्यांतील बरेचसे वस्तुस्थितीला धरून नाहीत.

पहिला समज असा की लीडर प्रत्येकाला लागतोच आणि म्हणून साधनही लागतेच. लीडरची कामे मुख्यतः दोन आहेत: धरणाच्या भिंतीला लावलेल्या दगडी पिचिंगवर किंवा खडकाळ तळावर घासले जाणे सोसणे, आणि स्वच्छ पाण्यात माशाला रंगीत दोरी दिसू न देणे. विणलेली दोरी केसाहून बारीक तंतूंची बनलेली असल्यामुळे सरळ ताणात ती फार बळकट असते, परंतु दगडाच्या धारेवर तिचे तंतू एकामागून एक कापले जातात. एकसंध नायलॉन तेथे अधिक टिकतो. गाळाच्या, शेवाळ माजलेल्या तलावात मरळीसाठी बेडकाच्या आकाराचे रबरी आमिष ओढणाऱ्याला मात्र यांपैकी कोणतीच अडचण नसते, कारण तेथे पाणी गढूळ, दगड नाहीत आणि मासा वनस्पतींच्या गुंत्यातून बळाने उपसून काढायचा असतो. तेथे जाड विणलेली दोरी सरळ आमिषाला बांधणे हाच शहाणपणा असून मध्ये घातलेला जोड हा फक्त तुटण्याची एक जागा वाढवतो. ज्याच्या रिळावर मुळातच नायलॉन आहे, त्यालाही बहुधा वेगळा लीडर जोडण्याचे कारण नसते. साधनाची निवड करण्याआधी त्याची गरज तपासावी, हे सांगण्याची वेळ यावी इतका या बाबतीत जाहिरातीचा प्रभाव आहे.

दुसरा आणि सर्वांत खोल रुजलेला समज म्हणजे साधनामुळे गाठ बळकट होते. गाठीचे बळ येते ते तिच्या रचनेतून आणि दोऱ्यांमधील घर्षणातून. दोरा गाठीत शिरताना जेथे तीव्र वळण घेतो, तेथे त्याच्या बाहेरच्या बाजूच्या तंतूंवर अधिक ताण पडतो आणि तो तेथेच तुटतो. साधी एकेरी गाठ दोऱ्याची ताकद जवळपास निम्म्यावर आणते ती याच कारणाने. त्यातच पॉलिएथिलिन अत्यंत गुळगुळीत असल्यामुळे जी गाठ सुती दोऱ्यात घट्ट बसते, तीच या दोरीत सरकून सुटते. लीडरसाठी जगभर वापरली जाणारी एफजी नावाची जपानी पद्धतीची गाठ या दोन्ही अडचणींवर एकाच युक्तीने मात करते: तीत लीडर वळवला जात नाही, तो सरळच राहतो, आणि विणलेली दोरी त्याच्याभोवती आलटून पालटून दोन्ही बाजूंनी गुंफली जाते, ज्यायोगे ओढ जितकी वाढेल तितकी पकड आवळत जाते. खुंट्याला कासऱ्याचे दोन-तीन वेढे देऊन उधळलेला बैल एका हाताने धरणारा शेतकरी हेच घर्षण वापरत असतो. लेओनहार्ड ऑयलर या अठराव्या शतकातील गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार हे घर्षण वेढ्यांच्या बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.१ इतका कमी धरला तरी एका पूर्ण वेढ्यात पेलता येणारा ताण सुमारे १.९ पट, पाच वेढ्यांत सुमारे २३ पट आणि दहा वेढ्यांत ५०० पटींहून अधिक होतो. हा हिशेब कठीण, न दबणाऱ्या दांड्यासाठी आहे. लीडर ताणाखाली किंचित बारीक होतो, म्हणून वेढे आधीच घट्ट रुतवून ठेवावे लागतात आणि वेढे नीट रुतले की दोरीचा रंग गडद दिसू लागतो. या सगळ्यात साधनाचे काम एकच: गुंफताना एक दोरा सतत ताणलेला ठेवणे आणि वेढे एकसारखे पडू देणे.

वऱ्हाडात ही गोष्ट मुळात नवी नाही. पूर्णेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठच्या भोई कुटुंबांत जाळे हाताने विणले जात असे तेव्हा सुताचा साठा सुईवर असे आणि डोळ्याचे माप एका चपट्या पट्टीवरून घेतले जाई. म्हणजे साधने दोन होती, पण पकड ज्या गाठीने येई, तिला सुई किंवा पट्टी यांतले काहीच बळ पुरवत नव्हते. ती गाठ म्हणजे एका दोऱ्याच्या फासातून दुसरा दोरा वर घेऊन, फासाच्या मागून फिरवून, त्याच्याच खाली अडकवणे. जहाजांवर दोन दोर जोडायला हीच गाठ वापरतात. जाळी सुताऐवजी नायलॉनची झाली तेव्हा गुळगुळीत धाग्यावर ही एकेरी गाठ सरकू लागल्याने दुहेरी वेढा घेण्याची किंवा उष्णता देऊन गाठी पक्क्या करण्याची पद्धत आली. धागा बदलला की साधन तेच राहूनही गाठ बदलावी लागते, हे जाळ्याच्या व्यवसायात कधीच सिद्ध झालेले तत्त्व आहे, आणि लीडरच्या बाबतीतले बहुतेक गोंधळ ते न ओळखल्याने होतात.

तिसरा समज त्यातूनच येतो: एकच साधन सर्व जोडांना चालते. बाजारात ‘नॉट टायर’ या एकाच नावाखाली निदान चार भिन्न वस्तू विकल्या जातात. खाच पाडलेली पोलादी पट्टी ही खिळेगाठीसाठी असते. पिसांच्या कृत्रिम माशीने मासे धरणाऱ्यांची दोरी जाड आणि मऊ प्लास्टिकचा लेप असलेली असते व लीडरचे वेढे त्या लेपात रुतून पकड घेतात, म्हणून ही गाठ तेथे उत्तम ठरते, पण विणलेल्या दोरीला असा लेपच नसल्याने वऱ्हाडातल्या वापरात ही पट्टी बहुतेक वेळा निरुपयोगी आहे, आणि ज्याला खिळेगाठ हवीच आहे त्याला बॉलपेनच्या रिकाम्या नळीवर ती तितकीच चांगली बांधता येते. दुसरी वस्तू बॉबिन: तिच्या फिरकीवर मुख्य दोरी गुंडाळतात आणि ताणलेल्या लीडरभोवती बॉबिन गरगर फिरवून अतिशय दाट वेढे देतात, तिच्याने होते ती पीआर नावाची गाठ, आणि ती बॉबिनशिवाय नीट होतच नाही, म्हणजे साधन अपरिहार्य असलेले हे जवळपास एकमेव उदाहरण. तिसरी म्हणजे एफजी गाठीसाठी दोरा दोन टोकांत ताणून धरणारी घडीची चौकट. चौथी, बॅटरीवर चालणारे गळ बांधण्याचे यंत्र, जे दोरा गळाच्या दांडीभोवती गुंडाळते आणि दोन दोरे जोडण्याशी ज्याचा काहीही संबंध नाही. छायाचित्र पाहून ते लीडरसाठी मागवणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

कोणते घ्यावे, याचे उत्तर जोड रॉडच्या कड्यांमधून जाणार की नाही, यावर बरेचसे अवलंबून आहे. आमिष फेकण्यापूर्वी दोरी जितकी गुंडाळून घेतली जाते, त्या स्थितीतही जोड रॉडच्या शेंड्याबाहेरच राहील इतका लीडर आखूड ठेवला, तर गाठ थोडी जाड असली तरी बिघडत नाही, आणि दोन्ही टोके एकमेकांभोवती वेढे घेऊन सरकवण्याची दुहेरी युनी गाठ कोणत्याही साधनाविना, मावळत्या उजेडातही बांधता येते. जाड लीडरला बारीक दोरी जोडताना फ्लोरिडातील मासेमारीचे मार्गदर्शक जिमी ऑल्ब्राइट यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाठही हातानेच होते. लीडर लांब ठेवायचा असेल तरच एफजी किंवा पीआर यांची बारीक गाठ आवश्यक ठरते, कारण जाड गाठ प्रत्येक फेकीत कड्यांना धडकून झिजते. अशा वेळी चौकट घेणाऱ्याने तिच्या पकडीत आपल्या लीडरची जाडी बसते का हे पाहावे, आणि बॉबिन घेणाऱ्याने दोन गोष्टी तपासाव्यात: दोरी जेथून बाहेर पडते ती नळी गुळगुळीत आहे का, आणि फिरकीचा ताण कमीजास्त करता येतो का. ताण सैल असेल तर वेढे विरळ पडतात, अति असेल तर बारीक दोरी गाठ बांधतानाच तुटते. ज्यांची बोटे थरथरतात किंवा ज्यांना जवळचे स्पष्ट दिसत नाही, त्यांच्यासाठी चौकटीचा खर्च सार्थ आहे. केवळ वेळ वाचेल या अपेक्षेने ती घेणाऱ्याला मात्र सराव झालेला हात अधिक वेगवान असतो हे लवकरच कळते.

वेष्टनावरील ‘शंभर टक्के ताकद’ या शब्दांना मर्यादित अर्थ आहे. जोडाची ताकद नेहमी दोहोंतील कमकुवत दोऱ्याशी ताडून सांगितली जाते. २० पौंडांची मुख्य दोरी आणि ३० पौंडांचा लीडर असेल तर ही शंभर टक्के म्हणजे २० पौंड, सुमारे ९ किलो, याहून अधिक नव्हे. शिवाय हळूहळू वाढवलेला ताण आणि मोठ्या शिंगाळ्याने दिलेला झटका यांचा दोऱ्यावरील परिणाम सारखा नसतो.

याच्या जोडीला काही किरकोळ पण हानिकारक समज आहेत. सैल गाठ सायनोअॅक्रिलेट डिंकाने, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने, पक्की होते असे मानले जाते. वस्तुतः पॉलिएथिलिनला असे डिंक जवळजवळ धरत नाहीत, आणि वाळून कडक झालेला थर वाकताना तडकतो. लीडरचे कापलेले टोक काडीने जाळून त्याचा मणी करणे ठीक आहे, पण नायलॉन २०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळत असताना शेजारची विणलेली दोरी १५० अंशांच्या आतच वितळते, त्यामुळे ज्योत बोटभर चुकली की जोड संपला. उन्हाने गाठ वितळते हा अकोल्यातील लोकप्रिय तर्क मात्र निराधार आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला तरी तो या मर्यादेपासून फार दूर असतो. गाठ आवळताना घर्षणाने एका बिंदूवर निर्माण होणारी उष्णता खरी घातक असते, आणि म्हणूनच ओढण्यापूर्वी गाठ पाण्याने किंवा लाळेने ओली करतात. उन्हाचा दोष वेगळा आहे: त्यातील अतिनील किरणांनी नायलॉन महिनोन्महिने हळूहळू ठिसूळ होतो, म्हणून स्कूटरच्या डिकीत नव्हे तर उघड्यावर टांगून ठेवलेले रीळ अधिक लवकर बाद होते.

साधन घेण्याचा निर्णय घरच्या घरी, बादली आणि पाणी यांच्या साह्याने करता येतो, कारण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. हाताने बांधलेले तीन आणि, कुणाकडून साधन मागून आणता आले तर, त्याने बांधलेले तीन जोड तयार करून ते ओले करावेत, गाठीच्या काठाशी लीडरवर पेनाने खूण करावी, बादलीचे स्वतःचे वजन हिशेबात धरून ती टांगावी आणि मगाने पाणी ओतत जावे. खूण गाठीपासून सरकली तर दोष वेढ्यांच्या पकडीचा आहे. गाठीच्या तोंडाशी दोरा तुटला तर रचनेचा किंवा कोरडी गाठ आवळल्याचा. गाठीपासून दूर तुटला तर गाठ चांगली असून दोराच तिच्याहून कमकुवत आहे. हाताचे तिन्ही जोड जवळजवळ सारख्याच वजनाला टिकले, तर साधनाने त्यांत भर पडण्याजोगे फारसे काही उरत नाही; एक चांगला, दोन वाईट असा प्रकार झाला आणि साधनाचे तिन्ही सारखे निघाले, तर त्याची किंमत वसूल होते.