घरगुती किण्वन आणि चिलटांचा प्रादुर्भाव : एक विवेचन

प्रस्तावना : गोव्यात मार्च ते मे या काळात काजूच्या बोंडांचा रस आंबवून हुर्राक व फेणी तयार केली जाते. फेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. अशा आंबणाऱ्या रसाभोवती जमणारी चिलटे, अर्थात ड्रोसोफिला, हा केवळ किरकोळ उपद्रव नव्हे.

विवेचन : यीस्ट शर्करेचे मद्यार्कात रूपांतर करीत असताना सुटणारा गंध चिलटांना आकर्षित करतो. त्यांच्या अंगावरून ॲसिटोबॅक्टर जीवाणू रसात पोहोचतात व प्राणवायू मिळाल्यास मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल बनवितात. शिवाय मादी चिलटाच्या गंधद्रव्याचा एक नॅनोग्रॅमही पेल्यातील मद्यात माणसास जाणवतो, असे २०१८ मधील एका अभ्यासात आढळले.

उपाय : भांडे घट्ट बंद केल्यास कर्बवायूच्या दाबाने ते फुटण्याची भीती असते. म्हणून झाकणातून नळी काढून तिचे टोक पाण्यात बुडवावे; वायू बाहेर जातो, हवा व चिलटे आत येत नाहीत. उघड्या भांड्यास दाट विणीचे कापड बांधावे. सांडलेला रस व चोथा त्वरित हलवावा, कारण २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ चिलट सुमारे दहा दिवसांत तयार होते. व्हिनेगरमध्ये साबणद्रवाचा थेंब टाकलेला सापळा पूरक ठरतो.

निष्कर्ष : चिलटे मारण्यापेक्षा हवेचा व त्यांचा प्रवेश रोखणे अधिक परिणामकारक होय.