करामत हाताची, भीती गोष्टीची

जादूचा प्रयोग बघताना अंगावर काटा येतो तो पेटाऱ्यामुळे, अंधारामुळे की सांगणाऱ्याच्या तोंडच्या गोष्टीमुळे? पिंगळ्याच्या आणि जी. ए. कुलकर्णींच्या आपल्या या सीमाभागात हे कसब नव्यानं रुजवण्यासारखं आहे. त्याची मर्यादाही तितकीच जपायला हवी.

बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत ६ डिसेंबर २०१४ रोजी शेकडो माणसं जमली. अंत्यविधी कुणाचाच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी मानव बंधुत्व वेदिकेनं तिथं अंधश्रद्धेविरोधात कार्यक्रम ठेवला होता. त्या वेळी राज्यात मंत्री असलेले सतीश जारकीहोळी कार्यकर्त्यांसह तिथंच जेवले आणि रात्रही त्यांनी तिथंच काढली. जागा स्मशानाचीच होती, वेळ रात्रीचीच होती. लहानपणापासून स्मशानाला ज्या गोष्टी चिकटवलेल्या असतात, तेवढ्या तिथून काढून घेतल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर भीतीही निघून गेली.

जादूगाराला हीच वाट उलट दिशेनं चालायची असते. त्याच्यासमोर लख्ख उजेडाचा हॉल असतो, प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात, पुढच्या रांगेत चुळबुळणारी पोरं असतात. तिथं त्याला फक्त गोष्टीच्या बळावर भय उभं करायचं असतं. म्हणून भुताटकीच्या वळणाच्या जादूत हातचलाखी जेवढी महत्त्वाची, तेवढंच सांगणंही महत्त्वाचं. किंबहुना सांगणं काकणभर अधिकच.

लंडनमधली एक रात्र

९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात जादूगार पी. सी. सरकार यांनी आपली साहाय्यक दीप्ती डे हिला टेबलावर निजवून विजेच्या गोल करवतीनं कापून दाखवलं. मुलगी अवघी सतरा वर्षांची. करवत थांबल्यावर सरकारांनी तिला जागं करायचा प्रयत्न केला, तिचे हात चोळले, पण ती हलेना. त्यांनी तिचा चेहरा काळ्या कापडानं झाकला. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी कॅमेऱ्यासमोर आले, प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि कार्यक्रम संपला. मुलगी मेली अशा समजुतीनं घाबरलेल्या लोकांनी इतके फोन केले की बीबीसीच्या लाइनी तुंबल्या. दीप्ती अर्थातच धडधाकट होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचे मथळे सरकारांच्या नावानं सजले आणि त्यांच्या लंडनमधल्या प्रयोगांची तिकिटं संपली.

माणूस कापून पुन्हा जोडण्याचा खेळ तेव्हाही जुनाच होता, आणि प्रेक्षकांना तो ठाऊकही होता. त्या रात्री गोष्टीचा शेवट मात्र काढून घेतला गेला. ‘कापलं’ एवढं दिसलं, ‘जोडलं’ हे दिसलं नाही. मधल्या मोकळ्या जागेत प्रेक्षकांनी स्वतःच मृत्यू भरला. भयाची जादू रचणाऱ्यानं घ्यायचा पहिला धडा हाच: सगळं आपण सांगायचं नसतं. योग्य जागी थांबलं की उरलेलं काम बघणाऱ्याचं मन करतं.

पाश्चात्त्य जादूगारांत १९६० च्या दशकापासून या वळणाचा एक स्वतंत्र प्रवाह तयार झाला. शिकागोचे टोनी अँड्रुझी आणि यूजीन बर्गर ही त्यातली मोठी नावं. २०१७ मध्ये निधन पावलेल्या बर्गर यांचा एक गाजलेला प्रयोग आपल्याला जवळचा वाटेल. साधा दोरा तुकडे तुकडे करून पुन्हा अखंड करायचा, एवढीच करामत. ती करताना ते ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची, उत्पत्ती, स्थिती आणि लयाची गोष्ट संथपणे सांगत. दोरा तुटत जाई तेव्हा विश्व मोडतंय असं वाटे. शिलाईच्या दोऱ्याला एवढं वजन गोष्टीनं दिलं होतं.

आपल्या मुलखातले सांगणारे

हे कसब शिकायला शिकागोला जायची गरज नाही. पहाट होण्याआधी, गाव झोपेत असताना, हातात कंदील आणि कुडमुडं घेऊन येणारा पिंगळा जुन्या माणसांनी पाहिलेला आहे. पिंगळा पक्ष्याची भाषा आपल्याला कळते, असं सांगत तो दारोदार भविष्य बोलत जायचा आणि उजाडायच्या आत निघून जायचा. त्याच्या कलेचे घटक वेगळे काढून पाहिले तर आजच्या जादूगाराची शिकवणीच होते. वेळ अशी की ऐकणारा अर्धवट झोपेत आहे. उजेड एकाच कंदिलाचा, म्हणून चेहरा अर्धाच दिसतो. सूर एकसारखा, घाई नसलेला. आणि उजाडल्यावर प्रश्न विचारायला माणूस समोर नाही.

उत्तर कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात रात्ररात्र रामायण-महाभारत सांगतात. घरात मराठीच्या वळणाची बोली आणि पडद्यासमोर कन्नड, अशी त्यांची दुहेरी भाषा या सीमेचाच स्वभाव दाखवते. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलं की ठाकर समाजाची चित्रकथी आणि छायाबाहुल्या भेटतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दिव्याच्या पलीकडे हलणारी सावली आणि अलीकडे बोलणारा माणूस, एवढ्या सामग्रीवर ही मंडळी राक्षस उभे करत आली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली तेव्हा काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवताना सोबत कथा सांगितली जाई. आणि भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके स्वतः ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोग करत. आपल्याकडे दिवा, सावली, हातचलाखी आणि गोष्ट एकाच घरात वाढली आहेत.

लिखित वाङ्मयातही हे धन मोठं आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथेला आणि गूढकथेला घराघरांत वाचक दिला. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी यांनी तर आपल्या एका कथासंग्रहाला ‘पिंगळावेळ’ हेच नाव दिलं. जी. एंच्या कथांत भूत क्वचितच दिसतं. वाट चुकते, दार बंद होतं, एखादी वस्तू पुन्हा समोर येते, आणि काहीतरी अटळ आपल्याकडे सरकतंय अशी जाणीव होते. भयाची जादू बसवणाऱ्यानं कवट्या आणि काळे झगे विकत घेण्याआधी जी. ए. वाचावेत.

एका किल्लीची गोष्ट

आता प्रत्यक्ष रचनेकडे येऊ. नवशिक्या जादूगारांनाही ठाऊक असलेली एक करामत आहे. उघड्या तळहातावर जुनी लांब किल्ली ठेवायची आणि ती हळूच आपोआप कूस बदलते. तिचं गुपित जादूगारांचं आहे, ते इथं सांगायचं कारण नाही. ‘बघा, किल्ली फिरते’ असं म्हणून ती दाखवली तर लोक दोन क्षण चकित होतात आणि दोरा कुठं आहे ते शोधू लागतात. आता तिला निपाणीची गोष्ट देऊन पाहू. गोष्ट पूर्णपणे काल्पनिक आहे, पण तिचा वास खरा आहे.

सांगणारा आधी किल्ली पुढच्या रांगेतल्या एखाद्या मावशींच्या हातात देतो. वजन जाणवू देतो, गंज बोटाला लागू देतो. मग सांगतो: ‘ही निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीची किल्ली. तिथला रखवालदार कन्नड माणूस. रात्री कुलूप लावून खोलीवर यायचा, जेवायला बसायचा आणि अर्ध्या जेवणावरून उठायचा. स्वतःलाच विचारायचा, “कीली हाकिदी एनु?” कुलूप लावलं का? जाऊन बघून यायचा. झोपताना पुन्हा एकदा. आणि मध्यरात्री तिसऱ्यांदा. तीन वेळा बघितल्याशिवाय त्याला झोप नाही. एका रात्री तो दोनदाच गेला. तिसऱ्या वेळेआधी झोपेतच संपला. वखार पुढं पडली, कुलूप गेलं, दार गेलं. किल्ली राहिली.’

इथं थांबायचं. किल्ली परत घेऊन तळहातावर ठेवायची आणि काही बोलायचं नाही. किल्ली कूस बदलते. ‘जेवताना,’ एवढंच म्हणायचं. पुन्हा थांबायचं. किल्ली दुसऱ्यांदा फिरते. ‘झोपताना.’ आता हॉलमधला प्रत्येक जण तिसऱ्या वेळेची वाट बघतोय. नेमकी तेव्हा किल्ली मावशींच्या हातात द्यायची, मूठ मिटायला लावायची आणि हलक्या आवाजात सांगायचं, ‘फिरल्यासारखी वाटली तर सांगा.’ आणि मागं सरकायचं. तिसऱ्यांदा करामत करायचीच नाही. ती त्या मिटलेल्या मुठीत होते, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला स्वतःचीच मूठ जड वाटू लागते.

या छोट्या रचनेत भयाच्या जादूचे बहुतेक नियम आले. वस्तू जुनी आणि ओळखीची असावी: किल्ली, अडकित्ता, कंदील, फुटकी पाटी. गावाचं नाव घ्यावं, पण खरं घर, खरं कुटुंब घेऊ नये. गोष्ट आणि करामत यांची हालचाल एकच असावी. रखवालदार परत परत वळायचा, म्हणून किल्ली वळते. मेलेला माणूस दुष्ट नसावा. काम अर्धं राहिलेला माणूस सूड घेणाऱ्या हडळीपेक्षा अधिक काळ मनात राहतो, कारण त्याची दयाही येते. भाषा रोजची असावी. बेळगाव-निपाणीच्या प्रेक्षकाला दोन्ही भाषा कळतात, तेव्हा मराठी गोष्टीत एक कन्नड वाक्य आलं की माणूस खरा वाटतो. एका बैठकीत अशी एकच गोष्ट असावी, कारण दुसऱ्या भुताला पहिल्याएवढा मान मिळत नाही. आणि शेवटी वाकून टाळ्या मागू नयेत. शांतता हीच इथली दाद आहे.

आठवण कशी फसते

गोष्टीचा परिणाम प्रयोग संपल्यावरही चालू राहतो, हे संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये एस. जे. डेव्ही यांनी मृतात्म्यांशी बोलण्याच्या बनावट बैठका घेतल्या. पाट्यांवर अक्षरं उमटत. बैठकीला आलेल्यांनी नंतर लिहिलेल्या वृत्तांतांत महत्त्वाच्या हालचाली गळल्या होत्या, क्रम उलटले होते आणि न घडलेल्या गोष्टी शिरल्या होत्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अंधाऱ्या खोलीत एका नटानं ‘टेबल हलतंय’ असं नुसतं सुचवलं. टेबल जागचं हललं नव्हतं. तरी सुमारे एक तृतीयांश लोकांनी नंतर ते हलल्याचं सांगितलं.

याचा अर्थ असा की डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मनात एकत्र शिजतं. चांगला सांगणारा करामतीच्या आधी बोलतो तेव्हा तो प्रेक्षकाच्या उद्याच्या आठवणीचा मसुदा लिहीत असतो. ही मोठी ताकद आहे, आणि म्हणूनच तिच्याशी खेळताना जबाबदारी येते.

तीन माणसं, एक लिंबू

लिंबू कापल्यावर लाल रस गळतो, ही करामत तीन माणसं दाखवू शकतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता ती दाखवतो आणि त्यामागचं रसायन समजावून सांगतो. जादूगार ती दाखवतो, गुपित राखतो, पण ही कला आहे हे लपवत नाही. भोंदू तीच दाखवतो आणि म्हणतो, तुमच्या घरावर कुणीतरी केलंय, उतरवायला इतके पैसे लागतील. लिंबू तेच, रंग तोच. मधली गोष्ट बदलली की एकाचं प्रबोधन होतं, दुसऱ्याची कला होते आणि तिसऱ्याचा गुन्हा होतो.

गुन्हा हा शब्द कायद्यातला आहे. अशा कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कर्नाटकानं २०१७ मध्ये असाच कायदा केला आणि तो २०२० पासून लागू झाला. या मुलखात ‘करणी’ आणि ‘भानामती’ या शब्दांनी माणसं उद्ध्वस्त झाली आहेत, शेजारणीवर चेटकिणीचा आळ आला आहे. इथं भयाची गोष्ट सांगणाऱ्यानं काही पथ्यं पाळलीच पाहिजेत. करणी, मूठ मारणं, नजर लागणं हे विषय गोष्टीत घेऊ नयेत, कारण प्रेक्षकांतला कुणीतरी ते घरी नेऊन एखाद्या जिवंत बाईवर लावतो. कुठल्याही जातीला, धर्माला किंवा जोगत्या-जोगतिणींना भयाचं कारण बनवू नये. नुकतं दुःख झालेल्या माणसाला त्याच्या मृताचा निरोप आणल्याचं कधीही भासवू नये. लहान मुलं असतील तर गोष्ट बदलावी. आणि प्रयोगानंतर कुणी बाजूला घेऊन ‘खरंच काही आहे का?’ असं विचारलं, तर ‘नाही, ही माझी कला आहे’ हे एकच उत्तर द्यावं. या उत्तरानं गुपित फुटत नाही आणि प्रयोगाची गोडीही कमी होत नाही. नाटक संपल्यावर नट रंग पुसतो म्हणून नाटक खोटं ठरत नाही.

बेळगाव आणि निपाणीतल्या गणेश मंडळांना, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांना आणि वाचनालयांना म्हणून विनंती आहे. जादूचा कार्यक्रम ठेवताना त्यात एक गोष्टीचा प्रयोग मागून घ्या. आपल्या भागातल्या वस्तू, वखारी, वाडे आणि दोन्ही भाषा त्यात येऊ द्या. लिहिणाऱ्या मुलांना जादूगाराच्या शेजारी बसवा. आणि कार्यक्रमाच्या शेवटी एवढं मात्र स्पष्ट सांगा, की आज तुम्हाला जे वाटलं ते गोष्टीनं घडवलं होतं आणि असं वाटायला लावून कुणी पैसे मागितले, तर तो जादूगार नव्हे. अशी सवय प्रेक्षकांना लागली तर भयकथेचा आनंदही राहील आणि भोंदूंचा धंदाही बसेल.