स्मृतिभ्रंशातील प्रक्षोभ आणि शीघ्रशामक औषधाची कसोटी

स्मृतिभ्रंशाचा वृद्ध रुग्ण सायंकाळी अकस्मात प्रक्षुब्ध होतो, हात उगारतो, औषध थुंकून टाकतो; आणि घरची मंडळी वैद्यांकडे एकच मागणी करतात, "लगेच शांत होईल असे काही द्या." या 'लगेच'ची परीक्षा कशी होते, हे अमेरिकेतील डेक्समेडेटोमिडीनच्या चाचणीवरून समजून घेण्यासारखे आहे.

हे द्रव्य नवे नव्हे. 1999 पासून तेथील अतिदक्षता विभागांत ते शिरेवाटे वापरले जाते. मेंदूतील अल्फा-2 ग्राहींवर कार्य करून ते नॉरअॅड्रिनलिनचा स्राव घटवते. बायोएक्सेल कंपनीने त्याची जिभेखाली विरघळणारी पातळ पट्टी सिद्ध केली. एप्रिल 2022 मध्ये तिला मान्यता मिळाली, ती छिन्नमनस्कता व द्विध्रुवी विकारातील प्रक्षोभासाठी. मात्रा 120 वा 180 मायक्रोग्रॅम. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मात्र 40 व 60 मायक्रोग्रॅम अशा अल्पमात्रा तपासल्या गेल्या.

प्रक्षोभ मोजायचा कसा? ताण, उत्तेजना, वैरभाव, असहकार व आवेगावरील ताबा सुटणे या पाच लक्षणांना प्रत्येकी 1 ते 7 गुण दिले जातात; एकूण 5 ते 35. मात्रेनंतर दोन तासांनी गुण किती उतरले, हा मुख्य निकष. तुलनेसाठी काही रुग्णांना औषधविरहित पट्टी. आमच्या मते चाचणीचे मर्म येथेच आहे. प्रक्षोभाचा वेग पुष्कळदा आपोआपही ओसरतो. तुलनागट नसेल तर त्याचे श्रेय फुकटच औषधाच्या पदरी पडते. (आपल्या 'अनुभूत योगां'पैकी किती या कसोटीवर उतरतील?) जून 2023 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत 60 ची मात्रा निकषास उतरली, 40 ची नाही. त्याच सुमारास एका केंद्रावरील संशोधकाने नियमपालनात कसूर केल्याचे उघड झाले आणि आकड्यांच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभे राहिले.

तंद्रा, रक्तदाब उतरणे व नाडी मंदावणे हे या द्रव्याचे ज्ञात उपद्रव. वृद्धास एवढेच पडण्यास पुरेसे होते. मनोविकारविरोधी औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला होता.

आता आपल्या दुकानातील सर्पगंधेकडे पाहू. तिच्यातील रिसर्पीनही रक्तदाब उतरवते, नाडी मंदावते. शिवाय नॉरअॅड्रिनलिनचे साठे रिते करते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धास सर्पगंधा घनवटी देताना हा योग दुहेरी ठरतो. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंनी चिठ्ठीवाचून ती देऊ नये, आणि वैद्यांनी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी नाडीसोबत रक्तदाब बसून व उभ्याने मोजावा, मलावरोध, मूत्रावरोध, ज्वर व वेदना तपासाव्यात. बोलता न येणाऱ्या रुग्णाचा प्रक्षोभ कित्येकदा तुंबलेल्या मूत्राशयाचा असतो.