एक दाढ, दोन सल्ले

रविवारची वंदना आटोपली. विहारातल्या सतरंज्या गोळा करत होते, तेवढ्यात वस्तीतली एक ताई तोंडाशी पदर धरून जवळ आली. म्हणाली, "सिस्टर, जरा बाजूला या." खालची डावी दाढ सहा महिन्यांपूर्वी काढलेली. भाकरी एकाच बाजूनं चावायची, शेंगदाणा तर बंदच. नगर रोडवरच्या एका दवाखान्यात तिला सांगितलं, इम्प्लांट बसवा, ४० हजार होतील, हप्ते करून देऊ. दुसऱ्या दवाखान्यात सांगितलं, ब्रिज करा, १५ हजारांत काम होईल. ताई सोसायट्यांमध्ये चार घरची धुणीभांडी करते. घरात २० हजार साठवलेले होते, ते मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी. तिनं मला विचारलं, "दोघांतला खोटं कोण बोलतोय?"

मी म्हटलं, कदाचित कोणीच नाही. पण दोघांपैकी एकानंही तुमच्या शेजारच्या दातांबद्दल तुम्हाला काही सांगितलं का? तिनं मान हलवली. नाही.

२०२१ मध्ये आपली वाघोली महापालिकेत गेली. टॉवर उभे राहिले, चौकाचौकात दातांचे दवाखाने आले. खाणीच्या वस्तीतला माणूसही आता तेच बोर्ड वाचतो. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्याही घरातला झाला आहे.

आधी दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

ब्रिज म्हणजे पूल. गेलेल्या दाताच्या पुढचा आणि मागचा, असे दोन दात चारही बाजूंनी घासून बारीक करतात. त्यांच्यावर कॅपा बसतात आणि त्या दोन कॅपांना जोडलेला खोटा दात मधल्या मोकळ्या जागेवर येतो. म्हणून एका दातासाठी तीन दातांचे पैसे लागतात. दोन-तीन खेपांत काम होतं, चिरफाड नसते. पण घासलेलं दाताचं कवच पुन्हा उगवत नाही. ते दात कायमचे कॅपेवर अवलंबून राहतात. खोट्या दाताखाली अन्न अडकतं. तिथं रोज सफाई झाली नाही, तर कॅपेच्या आत कीड लागते आणि एकाऐवजी तीन दातांचं दुखणं होतं. नीट सांभाळला तर ब्रिज दहा वर्षं, कधी त्याहून जास्तही चालतो.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा स्क्रू. स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना दिसलं, की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतो, मग ओढूनही निघत नाही. १९६५ मध्ये त्यांनी हा उपाय माणसाच्या जबड्यात केला. स्क्रू बसवल्यावर हाड त्याला धरेपर्यंत खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात त्याहून जास्त थांबावं लागतं. मग वर कॅप बसते. मोठा फायदा हा, की शेजारच्या दातांना हात लागत नाही आणि तिथलं हाड झिजायचं कमी होतं. तोटा म्हणजे खर्च, वेळ आणि छोटं ऑपरेशन. हाड कमी असेल तर आधी हाड भरावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. आणि इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून तो अमर नाही. भोवतीची हिरडी सडली, तर हाड खाली जातं आणि स्क्रू हलायला लागतो.

मग निवड कशी करायची? मी ताईला चार प्रश्न दिले. वाचकांनीही ते कागदावर लिहून घ्यावेत.

पहिला, शेजारचे दोन दात कसे आहेत? ते धडधाकट, न किडलेले असतील, तर फक्त ब्रिजसाठी त्यांना घासणं म्हणजे चांगल्या घराची भिंत पाडून शेजारच्याला खांब देणं. तिथं इम्प्लांटचा विचार करावा. पण त्यांत मोठं सिमेंट भरलेलं असेल, रूट कॅनल झालेलं असेल, कॅप तशीही लागणारच असेल, तर ब्रिज शहाणपणाचा. मात्र ते दात हलत असतील, तर त्यांच्यावर पूल टिकत नाही.

दुसरा, हिरडी आणि हाड कसं आहे? हे आरशात दिसत नाही, एक्स-रे लागतो. दात काढून बरीच वर्षं झाली असतील, तर हाड पातळ झालेलं असतं.

तिसरा, साखर आणि तंबाखू. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरत नाही, जंतुसंसर्ग होतो. विडी, तंबाखू, मिश्री चालू असेल, तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्या, इंजेक्शनं चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. अठराच्या आतल्या मुलांचा जबडा वाढत असतो. त्यांना इम्प्लांट करत नाहीत, तात्पुरता दात देतात.

चौथा, पैसे भरल्यावर घरात काय उरतं? हा प्रश्न लाजायचा नाही. तोही उपचाराचाच भाग आहे.

ताईला घेऊन आधी रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली, तिला पत्ताच नव्हता. मिश्री तर लग्नाच्या आधीपासूनची. मग कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधल्या रंगूनवाला दंत महाविद्यालयात गेलो. तिथं एक्स-रेत दिसलं, की मागच्या दाढेचं जुनं रूट कॅनल झालेलं, कॅप कधी बसवलीच नव्हती. पुढच्या दाताला मोठं भरण. म्हणजे दोघांनाही कॅप लागणारच होती. साखर ताब्यात यायला दोन महिने लागले, मिश्री सुटायला त्याहून जास्त. मग ब्रिज बसला. मुलीच्या प्रवेशाच्या पैशाला धक्का लागला नाही.

त्याच ताईच्या पुतण्याचा समोरचा एक दात गाडीवरून पडून गेला. वय बावीस, शेजारचे दोन्ही दात मोत्यासारखे, व्यसन नाही. त्याला सांगितलं, घाईनं ब्रिज करून ते दात घासू नकोस. सध्या काढता-घालता येणारा दात लावून तो कामावर जातो आणि इम्प्लांटसाठी पैसे जमवतो आहे. एकाच घरात दोन माणसं, दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्ही बरोबर.

हा काढता-घालता येणारा दात, म्हणजे छोटी कवळी, हा तिसरा मार्ग. सगळ्यात स्वस्त. चावायला तितका भक्कम नाही, रात्री काढून धुवावा लागतो, पण तो लावण्यात कमीपणा नाही. आणि अक्कलदाढ गेली असेल, तर तिथं काहीच बसवायची गरज नसते. मधली दाढ मात्र वर्षानुवर्षं मोकळी ठेवू नका. शेजारचे दात त्या जागेत कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, आणि नंतर काहीही बसवणं अवघड होतं.

कुठं जायचं? दंत महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, एक दिवसाचा रोज बुडतो, पण खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा कमी. पुण्यात रंगूनवालाशिवाय धनकवडीला भारती विद्यापीठाचं आणि पिंपरीला डी. वाय. पाटील यांचं दंत महाविद्यालय आहे. ससूनमध्येही दंत विभाग आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या नातेवाइकांसाठी तिथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. इएसआय कार्ड असेल आणि दात कामावरच्या अपघातात गेला असेल, तर आधी कार्ड घेऊन इएसआयच्या दवाखान्यात विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, एक दात बसवण्यासाठी तिच्या भरवशावर बसू नका.

पैसे देण्याआधी पूर्ण खर्च लेखी मागा. त्यात एक्स-रे, स्क्रू, कॅप, हाड भरणं सगळं आलं पाहिजे. नाहीतर बोर्डावरची किंमत फक्त स्क्रूची निघते. हप्ता घेणार असाल, तर शेवटी एकूण किती भरणार ते विचारा. इम्प्लांटच्या कंपनीचं नाव आणि नंबर असलेलं स्टिकर फाईलला लावून घ्या. दहा वर्षांनी दुरुस्तीला तेच लागतं. "आज ठरवलं तर सूट" असं कोणी म्हटलं, तर घरी या. गेलेला दात उद्यापर्यंत थांबू शकतो.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं, की कोणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. दातांच्या खुर्चीतही हेच लागू. आणि विनयात त्यांनी भिक्खूंना दातवण करायला सांगितलं, न केल्यानं तोंडाला वास येतो, अन्नाची गोडी जाते हेही सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वी जे कळलं होतं, ते आपण मिश्रीच्या डबीत बुडवतो. पंचशील घेताना आपण नशा सोडण्याचं शील घेतो. त्यात मिश्री आणि गुटखा येत नाही असं समजू नका. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण बंदी टपरीवर असून भागत नाही, ती आपल्या खिशातही हवी.

परवा ती ताई विहारात भेटली. खिरीच्या पातेल्याजवळ उभी होती, पदर खांद्यावर. मला पाहून हसली, तोंड न झाकता. म्हणाली, "सिस्टर, दुसऱ्या बाजूनं चावायची सवय अजून मोडत नाही."

सवय मोडेल. तुमच्या घरात कोणाची दाढ गेली असेल, तर रविवारी वंदनेनंतर मला भेटा. जुना एक्स-रे असेल तर सोबत आणा.

जयभीम! नमो बुद्धाय!